२४ व्होल्टच्या ट्रकची उतरणारी बॅटरी आणि अडणारा सेल्फ : कामाच्या नोंदी

१३ डिसेंबर २०२३

गाडी २०१२ सालची आहे, सहा चाकी, सहा सिलिंडरची. डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक असल्यामुळे इंजिन सुरू होण्यासाठी कुठल्याही सेन्सरची किंवा संगणकाची गरज नाही. सेल्फने, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरने, इंजिन पुरेशा वेगाने फिरवले की ते पेट घेते. गाडी पिंपळगाव बसवंतहून वाशीला कांदा नेते आणि एरवी फारशी उभी राहत नाही. मात्र ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यातबंदी लागू झाली, नाशिक जिल्ह्यातील लिलाव काही दिवस विस्कळीत झाले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. काल पहाटे माल भरण्यासाठी चावी फिरवली तेव्हा सेल्फ एक-दोन वेळा जडपणे फिरला आणि नंतर नुसता ‘टक’ असा आवाज येऊ लागला.

धक्का मारण्याचा मार्ग बंद होता. टाकीतील हवा रात्रीतून उतरली होती आणि हवेचा दाब नसेल तर मागच्या चाकांचा स्प्रिंगचा ब्रेक सुटत नाही. मग कितीही माणसे लावली तरी गाडी हलत नाही. शेवटी चालकाने ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ट्रकच्या, एकामागे एक जोडलेल्या १२ व्होल्टच्या दोनपैकी एका बॅटरीला जंपर जोडला, थोडा वेळ थांबून सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. जंपर ज्या बॅटरीचे ऋण टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेले आहे तिलाच लावला होता, हे महत्त्वाचे आहे. दुसऱ्या बॅटरीला लावला असता तर ट्रॅक्टरचा सांगाडा आणि ट्रकचा सांगाडा यांच्यात १२ व्होल्टचा फरक राहिला असता, आणि दोघांचे लोखंड कुठेही टेकले असते तर मोठी ठिणगी पडली असती.

या प्रसंगातून एक धागा हाती आला. एकाच बॅटरीला आधार दिल्यावर गाडी सुरू झाली, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या सारख्या उतरलेल्या नसाव्यात. बॅटरीच्या दुकानात मात्र दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला आणि नव्या जोडीचा भाव २३,५०० रुपये सांगितला गेला. सध्याची जोडी गेल्याच वर्षी घेतलेली आहे. त्याआधीची जोडीही लवकरच गेली होती. बॅटऱ्या लागोपाठ मरत असतील तर त्यांना मारणारे काहीतरी गाडीत आहे, असे धरून मोजमाप सुरू करायचे ठरवले. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर २,६०० रुपयांना आणि बॅटरीतील ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर १८० रुपयांना घेतला. मल्टिमीटर घरात होता.

१४ डिसेंबर

रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी मापे घेतली. दोन्ही बॅटऱ्यांचे मिळून २४.४ व्होल्ट दिसले. एवढ्यावर थांबले असते तर ‘बॅटऱ्या थोड्या उतरल्या आहेत’ एवढाच निष्कर्ष निघाला असता. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजल्यावर चित्र बदलले. चेसिसकडच्या बॅटरीवर ११.९ आणि सेल्फकडच्या बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते. यापुढे चेसिसकडच्या बॅटरीला पहिली आणि सेल्फकडच्या बॅटरीला दुसरी म्हणतो.

हायड्रोमीटरने तेच सांगितले. पहिलीच्या सेलमध्ये ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) ११५०च्या आसपास होती, म्हणजे ती जवळजवळ रिकामी होती. दुसरीत १२४५ होती. पाण्याच्या पातळीत मात्र उलटे होते. पहिलीत पाणी बरोबर होते आणि दुसरीत ते प्लेटांच्या काठापर्यंत खाली गेले होते. पाणी उडणे हे जादा चार्जिंगचे लक्षण आहे आणि ग्रॅव्हिटी खाली असणे हे अपुऱ्या चार्जिंगचे. एकाच अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर, ज्याला बोलीत डायनामो म्हणतात) चालणाऱ्या, एकामागे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्यांत ही दोन्ही लक्षणे एकाच वेळी दिसतात, ती बहुधा एकाच कारणाने : कोणीतरी मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढलेले असतात.

झाकण उघडून पाहिले तेव्हा पहिलीच्या धन टोकावर, जाड जोडवायरच्या नटाखाली, एक बारीक लाल वायर दाबलेली सापडली. ती केबिनमध्ये जात होती.

१६ डिसेंबर

दोन्ही बॅटऱ्या उतरवून वेगवेगळ्या चार्ज केल्या. काढताना चेसिसकडचे ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना लोखंडाला टेकला तरी अनर्थ होत नाही. बॅटरी १२० अँपिअर-तासांची असल्यामुळे चार्जर १२ अँपिअरवर ठेवला; घाईने जादा करंट दिला तर उतरलेली बॅटरी तापते आणि प्लेटा खराब होतात. दुसरीत आधी प्लेटा बुडतील इतकेच डिस्टिल्ड पाणी टाकले आणि पूर्ण पातळी चार्जिंगनंतर भरली, कारण चार्ज होताना पाणी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलेले असेल तर ॲसिड बाहेर सांडते. शेडची दारे उघडी ठेवली, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो.

रात्रभर विश्रांतीनंतर पहिली १२.४ व्होल्ट आणि ग्रॅव्हिटी १२३०, दुसरी १२.६ व्होल्ट आणि ग्रॅव्हिटी १२६०. पहिली पूर्ण वर आली नाही. दीर्घकाळ अर्धवट उतरलेल्या स्थितीत राहिल्याने तिच्या प्लेटांवर सल्फेट धरले असावे. तिचा निकाल नंतर लावायचा, आधी गळती शोधायची.

१८ डिसेंबर

उभ्या गाडीत किती करंट जातो हे मोजण्याचा आजचा दिवस. क्लॅम्प मीटर मोठ्या करंटसाठी चांगला आहे, पण मिलिअँपिअरमध्ये त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मालिकेत जोडला. दिवे बंद, दारे बंद, आणि चावी स्वतःच्या खिशात. मीटर जोडलेला असताना कोणी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज तत्क्षणी जातो, म्हणून शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नये. जोडल्यानंतर अर्धा तास थांबूनच आकडा लिहिला.

२४ व्होल्टच्या गाडीत हे माप दोन ठिकाणी घ्यावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिलीच्या ऋण टोकावर सगळा करंट दिसतो : २४ व्होल्टच्या वाटेने जाणारा आणि मधल्या जोडावरून १२ व्होल्टच्या वाटेने जाणारा, दोन्ही. दुसरीच्या धन टोकावर फक्त २४ व्होल्टचा करंट दिसतो. त्यामुळे दोन आकड्यांची वजाबाकी केली की १२ व्होल्टवर किती जाते ते एकही फ्यूज न काढता कळते.

पहिलीच्या ऋण टोकावर ४१० मिलिअँपिअर. दुसरीच्या धन टोकावर २३० मिलिअँपिअर. म्हणजे १८० मिलिअँपिअर मधल्या वायरने जात होते.

हिशेब सरळ आहे. ४१० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. सहा दिवस गाडी उभी राहिली की पहिलीतून अर्धी शक्ती गेली, आणि ती मुळात पूर्ण भरलेली नव्हतीच. दुसरीतून त्याच काळात सुमारे ३३ अँपिअर-तास गेले. अशा गाडीसाठी ५० मिलिअँपिअरच्या आत-बाहेर करंट चालण्यासारखा असतो.

१९ डिसेंबर

आधी १२ व्होल्टच्या लाल वायरचा माग काढत गेलो. तिच्यावर गाणी लावण्याचा डेक, त्याचा ॲम्प्लिफायर, मोबाइल चार्जर आणि जीपीएस यंत्र, असे सगळे एकाच गाठीत बांधलेले होते, आणि वाटेत फ्यूज नव्हता. जीपीएस ७० मिलिअँपिअर घेत होते. उरलेले ११० ॲम्प्लिफायरचे होते, कारण त्याची चालू करणारी वायर डेकला न जोडता थेट धन टोकाला जोडलेली होती आणि डेक बंद केला तरी तो जागाच राहत होता.

उभ्या गाडीतले हे नुकसान दिसायला मोठे वाटते, पण धावत्या गाडीत होणारे नुकसान त्याहून खोल आहे. डेक आणि चार्जर चालू असताना पहिलीतून तीन अँपिअर जातात. पिंपळगावहून कसारा घाट उतरून वाशीला पोहोचेपर्यंत सहा तास धरले तर १८ अँपिअर-तास एकट्या पहिलीतून खर्च होतात. अल्टरनेटर ही तूट भरून काढू शकत नाही. दोन्ही बॅटऱ्या मालिकेत असल्याने दोघींतून चार्जिंगचा करंट सारखाच वाहतो. अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर फक्त एकूण २८ व्होल्ट पाहतो. मग पहिलीवर १३.३ आणि दुसरीवर १४.७ अशी वाटणी होते. एक उपाशी राहते, दुसरी उकळते, आणि बेरीज बरोबर दिसते. अशा रीतीने वर्षभरात चांगली जोडी संपते. महाराष्ट्रात रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी जुन्या ट्रकांत आणि टेम्पोंत १२ व्होल्ट असेच काढलेले असतात, कारण वायर जोडायला पाच मिनिटे लागतात आणि परिणाम महिन्यांनी दिसतो.

२१ डिसेंबर

आता २४ व्होल्टच्या बाजूचे २३० मिलिअँपिअर. फ्यूज बॉक्समधील एकेक फ्यूज काढत गेलो. घड्याळ आणि वेगमापकाचा फ्यूज काढल्यावर १५ मिलिअँपिअर कमी झाले. बाकी सर्व फ्यूज काढूनही २१५ शिल्लक राहिले. याचा अर्थ गळती फ्यूजच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, होती. या गाडीत फ्यूजच्या अलीकडे दोनच गोष्टी आहेत : सेल्फ आणि अल्टरनेटरची जाड वायर, जी थेट सेल्फच्या टर्मिनलवर येते.

बॅटरीचे टोक सोडून अल्टरनेटरची वायर काढली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि पुन्हा जोडून मोजले. आकडा शून्यावर आला. फ्यूज परत लावल्यावर फक्त घड्याळाचे १५ मिलिअँपिअर दिसले. गळती अल्टरनेटरमध्ये होती.

चालकाने तेव्हा सांगितले की, चावी बंद असतानाही चार्जिंगचा दिवा अंधारात अगदी मंद लाल दिसतो, हे त्याने पूर्वी पाहिले होते. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. अल्टरनेटरमधील धन बाजूचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असेल तर बॅटरीचा करंट उलटा अल्टरनेटरमध्ये शिरतो, फील्डच्या डायोडमधून वाट काढतो आणि रोटरमध्ये (आतल्या फिरणाऱ्या भागात) व दिव्यात खर्च होतो. आणखी एक साधी परीक्षा म्हणजे हात लावून पाहणे. पाचेक वॅट रात्रभर जळत असल्याने पहाटे सारे इंजिन थंडगार असताना अल्टरनेटर किंचित कोमट लागतो.

चार्जिंगचे माप मात्र निर्दोष होते. इंजिन चालू असताना २७.८ व्होल्ट. याच आकड्यावर विसंबून यापूर्वी दोन ठिकाणी ‘डायनामो चांगला आहे’ असे सांगण्यात आले होते. गळका डायोड चार्जिंग करत राहतो. तो पकडायचा तर गाडी उभी असताना मोजावे लागते.

२३ डिसेंबर

अल्टरनेटर उतरवून नाशिकला नेला. स्टेटरच्या (न फिरणाऱ्या भागाच्या) तारा डायोड प्लेटपासून सोडवून प्रत्येक डायोड मीटरवर तपासला. चांगला डायोड एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि उलट दिशेने काहीच दाखवत नाही. धन बाजूचा एक डायोड दोन्ही दिशांनी आकडा दाखवत होता. तारा न सोडवता तपासले असते तर बाकीच्या डायोडांच्या वाटेने फसवे आकडे आले असते.

कारागीर एकच डायोड दाबून बसवून द्यायला तयार होता. तरीही पूर्ण प्लेट बदलण्याचा निर्णय घेतला, कारण सगळ्या डायोडांनी सारखीच उष्णता सोसलेली आहे आणि अल्टरनेटर पुन्हा उतरवण्यात गाडीची एक खेप बुडते. प्लेट १,३५० रुपये, कार्बन ब्रश आणि बेअरिंगे ८५० रुपये, मजुरी ६०० रुपये. बसवल्यानंतर २४ व्होल्टच्या बाजूला फक्त घड्याळाचे १५ मिलिअँपिअर राहिले.

२७ डिसेंबर

१२ व्होल्टची वायर मधल्या जोडावरून कायमची काढली. २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा १० अँपिअरचा कन्व्हर्टर १,१०० रुपयांना आणला आणि डेक, ॲम्प्लिफायर व चार्जर त्याच्यावर घेतले. कन्व्हर्टर स्वतःही थोडा करंट खातो, म्हणून त्याचा पुरवठा चावीवर चालणाऱ्या रिलेमागे ठेवला. ॲम्प्लिफायरची चालू करणारी वायर डेकला जोडली. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. फ्यूज केबिनमध्ये ठेवला तर बॅटरीपासून केबिनपर्यंतची वायर चेसिसवर घासून आग लागण्याचा धोका तसाच राहतो. जीपीएस यंत्राच्या मागे ९ ते ३६ व्होल्ट असे छापलेले होते, त्यामुळे ते थेट २४ व्होल्टवर जोडले. तिथे ते ३५ मिलिअँपिअर घेते. तुमच्या यंत्रावरील छापील मर्यादा पाहिल्याशिवाय असे करू नये. रिले, फ्यूजची घरे आणि वायर यांना ६२० रुपये लागले.

उभ्या गाडीचा एकूण करंट आता ५० मिलिअँपिअर, आणि महत्त्वाचे म्हणजे दोन्ही टोकांवर सारखाच.

३ जानेवारी २०२४

गळती थांबली, तरी पहाटे सेल्फ जडच फिरत होता. निफाड तालुक्यातील थंडी लौकिकाची आहे. पारा एक अंकी आकड्यात गेला की इंजिनातील तेल घट्ट होते आणि बॅटरीही कमी करंट देते. थंडीलाच दोष देऊन थांबणे सोपे होते. पण दुपारच्या उन्हातही सेल्फमध्ये पूर्वीचा जोर नव्हता, म्हणून सेल्फ फिरत असताना मापे घेतली. इंजिन सुरू होऊ नये यासाठी स्टॉपची, म्हणजे डिझेल बंद करणारी, तार ओढून धरली.

दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर मिळून २१.३ व्होल्ट. सेल्फच्या मोटर टर्मिनलपासून त्याच्या अंगापर्यंत १७.६ व्होल्ट. क्लॅम्प मीटरवर २६० अँपिअर. म्हणजे ३.७ व्होल्ट वाटेतच संपत होते. वाटेचे तुकडे करून मोजले : धन बाजूच्या केबलवर आणि सॉलिनॉइडवर (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचवर) मिळून ०.५, दोन बॅटऱ्यांमधल्या जोडवायरवर ०.३, बॅटरीच्या ऋण टोकापासून चेसिसपर्यंत ०.३, आणि चेसिसपासून इंजिनापर्यंत २.६ व्होल्ट.

दोष शेवटच्या तुकड्यात होता. २.६ व्होल्ट गुणिले २६० अँपिअर म्हणजे जवळपास पावणेसातशे वॅट एका खराब जोडात जळत होते. हे मोजताना मीटरची टोके थेट बॅटरीच्या खांबावर आणि सेल्फच्या अंगावर टेकवावी. लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) किंवा क्लॅम्पवर टेकवली तर खांब आणि क्लॅम्प यांच्यातील खराबी मोजमापातून निसटते. बॅटरी, केबल आणि सेल्फ सुट्या तपासून हा दोष कधीच सापडला नसता, कारण करंट वाहत नसताना ओहमच्या मापात असा जोड शून्यच दाखवतो.

६ जानेवारी

गाडीखाली जाऊन अर्थची पट्टी पाहिली. विणलेल्या तांब्याची ही पट्टी गिअरबॉक्सच्या घरापासून चेसिसपर्यंत जाते. मागे क्लचचे काम करताना गिअरबॉक्स उतरवला गेला होता, आणि परत बसवताना पट्टीचे टोक रंगावरच आवळलेले होते. बोल्ट गंजलेला होता आणि अर्ध्याहून अधिक तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या. ॲक्सिलरेटरच्या केबलचे प्लॅस्टिक एका जागी वितळलेले होते. इंजिनाला चेसिसकडे परतायची नीट वाट मिळाली नाही की करंट अशा केबलमधून वाट काढतो. ‘ॲक्सिलरेटर जड झाला आहे’ ही चालकाची जुनी तक्रार होती, तिचेही कारण इथेच सापडले.

७० चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची केबल केली. सेल्फच्या माउंटिंग बोल्टपासून ती थेट त्याच चेसिस बोल्टवर नेली जिथे बॅटरीचे ऋण टोक येते. लग हातोड्याने न ठोकता हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतले. दोन्ही जागांचा रंग धातू चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, नट आवळला आणि त्यानंतर वरून ग्रीस लावले. केबल आणि लग मिळून १,४८० रुपये. जुनी पट्टीही साफ करून जागेवर ठेवली. बॅटऱ्यांमधल्या जोडवायरचे लगही घासले.

नवी मापे : बॅटऱ्यांवर २१.४, सेल्फवर २०.५ व्होल्ट. वाटेतील तूट ३.७ वरून ०.९ वर आली. सेल्फचा आवाजच बदलला.

१३ जानेवारी

पहिली बॅटरी दोनदा सावकाश चार्ज करून पाहिली. पाच सेल १२४५ पर्यंत आले. तिसरा सेल ११९० वर अडला. सेलांमध्ये ५० अंकांपेक्षा जास्त फरक राहिला तर ती बॅटरी सुधारण्याची आशा धरू नये. इथे खरा पेच होता. मालिकेतील दोन बॅटऱ्या एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या असाव्या लागतात. जुन्या दुसरीशेजारी कोरी बॅटरी ठेवली तर असमतोल नव्याने सुरू होतो. दोन्ही नव्या घेतल्या तर चांगली दुसरी वाया जाते.

शेवटी त्याच बनावटीची, त्याच क्षमतेची, जवळपास त्याच वयाची वापरलेली बॅटरी शोधली. दुकानातच ती पूर्ण चार्ज करायला लावून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी आपल्या हायड्रोमीटरने मोजली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली आणि मगच ४,८०० रुपये दिले. वापरलेली बॅटरी फक्त व्होल्ट पाहून कधीही घेऊ नये. नुकत्याच चार्जरवरून काढलेल्या मेलेल्या बॅटरीवरही १२.८ दिसतात.

त्याच दिवशी ऋण बाजूला ७५० रुपयांचा मेन स्विच बसवला. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तेव्हाच तो बंद करायचा. इंजिन चालू असताना तो बंद केला तर अल्टरनेटरचे व्होल्ट एकदम उसळतात आणि नवी डायोड प्लेट व रेग्युलेटर दोन्ही जळू शकतात. चालकाला हे समजावून सांगितले आणि स्विचशेजारी पत्र्यावर ठळक अक्षरांत लिहूनही ठेवले.

११ फेब्रुवारी

मीटरसह सगळा खर्च साडेचौदा हजारांच्या आत बसला. पैशांपेक्षा गाडी उभी राहण्याचा फटका मोठा होता, आणि त्यातला बराच वेळ अल्टरनेटरसाठी आणि जोडीची बॅटरी शोधण्यात गेला.

मधल्या काळात गाडी नियमित चालली. काल रात्री उभी करून आज पहाटे मोजली : पहिली १२.६, दुसरी १२.६. ग्रॅव्हिटीत दोघींमध्ये दहा अंकांहून कमी फरक. चार्जिंगच्या वेळी पहिलीवर १३.९ आणि दुसरीवर १४.० व्होल्ट, म्हणजे वाटणी सारखी झाली आहे. दुसरीचे पाणी पूर्वी वारंवार भरावे लागे; आता पातळी जवळजवळ जागेवर आहे.

दोन कामे राहिली आहेत. धन बाजूच्या ०.५ व्होल्टपैकी ०.३ सॉलिनॉइडच्या आतल्या संपर्कांवर जातात, तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला सेल्फ उतरवून ते संपर्क आणि बुश पाहायचे आहेत. आणि रात्रीतून उतरणाऱ्या हवेची गळती साबणाच्या पाण्याने शोधायची आहे, म्हणजे गरज पडलीच तर गाडीला धक्का तरी मारता येईल.